व्हिडिओ आहे, पण साक्षीदार कोण?

भवानी पेठेत एखाद्या पोराने पुढचं चाक हवेत उचलून बाइक पळवली, की दोन-चार मोबाइल बाहेर निघतातच. रात्रीपर्यंत व्हिडिओ गल्लीतल्या सगळ्या ग्रुपवर फिरून येतो. ‘याला आत टाका’ असं जो तो लिहितो, पण पोलीस ठाण्याची पायरी कोणी चढत नाही. असे खटले लंगडे पडतात ते बहुतेक इथेच.

कायद्यात कलमांचा तुटवडा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 बेदरकार वाहन चालवण्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कधीकधी शर्यतीचं कलम 189 सुद्धा जोडलं जातं. एकट्याच पोराने चाक उचललं असेल, तर ‘शर्यत कोणाशी लावली?’ हा वकिलाचा पहिला सवाल असतो, आणि तो रास्तच आहे.

मार्च 2023 च्या अखेरीस मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातला असाच व्हिडिओ गाजला. चालवणारा एक, पुढे-मागे दोन तरुणी, चाक हवेत. ट्विटरवर तो झळकल्यावर गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. तक्रार अशी वरच्यावर पोचते खरी, पण कोर्टात नुसत्या व्हिडिओवर निभावत नाही.

याबाबतचा मोठा निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादातून आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये स्पष्ट केलं, की मूळ उपकरण मालकानेच साक्षीत आणून दाखवलं तर ठीक. नक्कल दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार त्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक उपकरण सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. फॉरवर्ड होत आलेल्या व्हिडिओचं असं प्रमाणपत्र देणार कोण?

म्हणून ज्याने चित्रण केलं त्यानेच तक्रार द्यावी. मूळ फाइल डिलीट करू नये. ठिकाण, वेळ, गाडीचा नंबर लगेच लिहून ठेवावा. तातडीचं असेल तर 112 आहे, महाट्रॅफिक अ‍ॅपही आहे. ऑनलाइन माहिती देऊन गुन्हा नोंदवता येतो; मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. सहीचं नाव काढलं की निम्मे तक्रारदार गळतात.

आता पिंजऱ्यात उभ्या असलेल्या पोराची बाजू. नंबरवरून मालक सापडतो, चालवणारा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 खाली पोलीस मालकाला चालकाचं नाव विचारू शकतात. ते विचारलंच नसेल आणि तोंड हेल्मेटात असेल, तर ओळख पटवताना सरकारी वकिलाला घाम फुटतो. नुसता वेग म्हणजे बेदरकारपणा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच कर्नाटकच्या एका ट्रकच्या खटल्यात सांगितलं आहे. शिवाय कलम 209 आहे, जे वकिलांनाही उशिरा आठवतं. जागेवरच खटल्याची ताकीद दिली नसेल, तर 14 दिवसांत नोटीस किंवा 28 दिवसांत समन्स हवं. नाहीतर 184 खाली शिक्षा होत नाही. अपवाद असा, की नाव-पत्ता शोधूनही सापडला नसेल किंवा आरोपीनेच टाळाटाळ केली असेल, तर ही सबब चालत नाही.

या साऱ्या बचावावर पाणी पडतं ते आरोपीच्याच रीलमुळे. स्वतःच्या अकाउंटवर, स्वतःच्या तोंडाने, वर गाणं लावून टाकलेलं! मग ‘तो मी नव्हेच’ म्हणायला जागा उरत नाही.

पोरगा अठराच्या आत असेल तर कलम 199अ लागतं आणि पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. बापाला सुटायचं तर आपल्या नकळत हे घडलं किंवा आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. आणि तोच बाप दर रविवारी पोराला पेट्रोलला पैसे देत असेल, तर उलटतपासात ते निघतंच.