किडनी बदलल्यानंतर लिव्हरमध्ये गाठ दिसली, तर?

किडनी प्रत्यारोपणाला चार-पाच वर्षं झालेली असतात. क्रिएटिनिन स्थिर असतं, गोळ्या वेळेवर चालू असतात, माणूस पुन्हा दुकानावर किंवा नोकरीवर जाऊ लागलेला असतो. मग नेहमीच्या तपासणीत सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये एक ओळ येते: लिव्हरच्या उजव्या भागात दोन सेंटिमीटरची गाठ. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही, पण मनात सगळ्यांच्या तोच असतो.

अशा वेळी दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही घातक आहेत. काही जण म्हणतात, 'या जड गोळ्यांनीच लिव्हर खराब झालं,' आणि टॅक्रोलिमस किंवा मायकोफेनोलेट परस्पर बंद करून टाकतात. काही जण रिपोर्ट फाईलमध्ये ठेवून देतात, कारण पेशंटला काही त्रास नाही. गाठ बहुतेक वेळा साधी निघते. पण घाबरून गोळ्या बंद केल्या तर शरीर नवी किडनी नाकारू लागतं, आणि अम्मीनं, बहिणीनं किंवा बायकोनं दिलेली किडनी हातची जाते. म्हणून या गाठींबद्दल जरा सविस्तर बोलू या.

आधी एक साधी गोष्ट. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचं पोट इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तपासलं जातं. जितकं जास्त पाहाल तितकं जास्त दिसणार. ज्यांना किडनीचा कसलाच आजार नाही अशा अनेकांच्या लिव्हरमध्येही साध्या गाठी असतात, फक्त त्यांची सोनोग्राफी कधी झालेली नसते. त्यामुळे पहिला प्रश्न हा विचारा: ही गाठ ऑपरेशनच्या आधीपासून होती का? प्रत्यारोपणाआधी पेशंटच्या पोटाची तपासणी झालेलीच असते. तो जुना रिपोर्ट, फिल्म किंवा सीडी शोधून काढा. सात वर्षांपूर्वी तिथंच, तेवढीच गाठ दिसली असेल, तर अर्धी काळजी तिथंच मिटते. आपल्याकडे जुनी कागदपत्रं घर बदलताना रद्दीत जातात. प्रत्यारोपणाची फाईल मात्र जपून ठेवायलाच हवी.

साध्या गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळते ती हेमांजिओमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. बायकांमध्ये ती जास्त दिसते. सोनोग्राफीत ती पांढरी, ठळक कडेची दिसते. कॉन्ट्रास्ट देऊन स्कॅन केला की औषध आधी कडेला भरतं आणि मग हळूहळू मध्ये सरकतं. ही खूण दिसली की निदान जवळपास पक्कं. ती कॅन्सर होत नाही आणि लहान असेल तर तिला हातही लावायचा नसतो. दुसरी एफएनएच. हिच्या मध्यभागी बऱ्याचदा चांदणीसारखा व्रण दिसतो. हीसुद्धा निरुपद्रवी असते आणि सहसा उपचार लागत नाही.

तिसरी, अ‍ॅडेनोमा, हिच्याबाबत सावध राहावं लागतं. ती फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि थोड्या रुग्णांत तिचा कॅन्सर होऊ शकतो. गर्भनिरोधक गोळ्या आणि जिममधली अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड यांच्याशी तिचा संबंध आहे. (प्रेडनिसोलोन हे वेगळं स्टेरॉइड आहे, दोन्हींची गल्लत करू नका.) पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर डॉक्टर ती काढण्याचा विचार करतात. पुरुषात असेल, तर लहान असली तरीही. बाईला अ‍ॅडेनोमा निघाली तर गर्भनिरोधक गोळी थांबवायला सांगतात. पण इथं एक मेख आहे. मायकोफेनोलेट चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला गंभीर धोका असतो. त्यामुळे गोळी थांबवली तर दुसरा भरवशाचा उपाय त्याच दिवशी ठरला पाहिजे. हा विषय घरात लाजेखातर टाळला जातो, पण नवरा-बायकोनं मिळून डॉक्टरांशी बोलावं.

ज्यांच्या किडन्या पॉलिसिस्टिक आजारानं गेल्या, त्यांची गोष्ट निराळी. हा आजार आईवडिलांकडून येतो आणि त्यात लिव्हरमध्येही पाण्याच्या पिशव्या होणं अगदी नेहमीचं आहे. रिपोर्टमध्ये 'अनेक सिस्ट' वाचून धसका घेऊ नका. लिव्हरचं काम बहुधा व्यवस्थित चालू असतं. पिशवीत जंतुसंसर्ग होऊन ताप आणि पोटदुखी सुरू झाली, तर मात्र लगेच जावं लागतं.

काही वेळा जी गाठ वाटते ती गाठ नसतेच. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे प्रत्यारोपणानंतर अनेकांना मधुमेह होतो, वजन वाढतं, लिव्हरवर चरबी चढते. ही चरबी एका जागी जास्त किंवा कमी असली तर सोनोग्राफीत तो भाग गाठीसारखा दिसतो.

अझाथायोप्रिन घेणाऱ्यांसाठी

मायकोफेनोलेट 1990 च्या दशकात आलं. त्याआधी प्रत्यारोपणानंतर अझाथायोप्रिन हेच मुख्य औषध होतं, आणि आजही काहींना ते चालू असतं. विशेषतः मूल हवं असलेल्या स्त्रियांना मायकोफेनोलेटऐवजी तेच देतात. चांगलं औषध आहे. पण काही थोड्या रुग्णांत ते लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतं. मग लिव्हरभर बारीक गाठी उठतात किंवा आत रक्तानं भरलेल्या पोकळ्या तयार होतात. हा कॅन्सर नव्हे. तरीही दुर्लक्ष करता येत नाही, कारण लिव्हरकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, पानथरी मोठी होते, प्लेटलेट कमी होतात, पोटात पाणी साठतं. फसवी गोष्ट अशी की रक्तातली लिव्हरची तपासणी बऱ्याचदा जवळपास नॉर्मल येते. त्यामुळे अझाथायोप्रिन घेणाऱ्याचे प्लेटलेट हळूहळू उतरत असतील आणि पानथरी वाढली असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा. औषध बदललं की काहींत सुधारणा होते. बदल मात्र नेफ्रॉलॉजिस्टच करणार, त्या जागी दुसरं औषध देऊनच.

मग तपासणी का करायची?

कारण या पेशंटमध्ये इतर शक्यताही असतात. डायलिसिसच्या काळात काहींना हिपॅटायटिस बी किंवा सी झालेला असतो. हे दोन्ही विषाणू लिव्हरच्या कॅन्सरचं कारण ठरू शकतात, आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असताना बी पुन्हा उसळतो. बीवर रोज घ्यायची गोळी आहे, सी तर आता गोळ्यांनी बरा होतो. याशिवाय लिव्हरमधला गळू, टीबी, आणि प्रत्यारोपणानंतर क्वचित होणारा लिम्फोमा हेही गाठीसारखे दिसतात. म्हणून 'साधीच असेल' असं आपण घरी बसून ठरवायचं नाही.

सोनोग्राफीनंतर बहुधा कॉन्ट्रास्टचा सीटी किंवा एमआरआय लागतो. सेंटरवर गेल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या: 'यांची किडनी बदललेली आहे.' सोबत ताजा क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्या. किडनी कमी चालत असेल तर सीटीच्या औषधाचा तिला त्रास होऊ शकतो, आणि एमआरआयचं काही जुन्या प्रकारचं गॅडोलिनियम त्वचा व सांधे आखडवणारा गंभीर आजार देऊ शकतं. नव्या प्रकारांत हा धोका फारच कमी आहे. काही मोठ्या केंद्रांत बुडबुड्यांचं औषध देऊन सोनोग्राफी करतात. ते औषध श्वासावाटे बाहेर पडतं, किडनीवर भार येत नाही. रमजानमध्ये स्कॅनची तारीख आली तर आधी नेफ्रॉलॉजिस्टशी बोला, कारण शरीरात पाणी कमी असताना कॉन्ट्रास्ट घेणं धोक्याचं. घाई नसेल तर ते तारीख पुढे-मागे करून देतील.

लिव्हर 'साफ' करणाऱ्या काढ्यांबद्दलही सांगायला हवं. गाठ म्हटली की खालापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे एक पुडी असते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ही वनस्पती प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून घेतात, आणि प्रत्यारोपणाच्या पेशंटला नेमकं तेच नको असतं. पपनसासारखं फळही रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण वाढवू शकतं. कुणी प्रेमानं दिलं तरी नम्रपणे बाजूला ठेवा.

निदान पक्कं झालं आणि गाठ साधी निघाली, तर पुढची तपासणी कधी हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मध्येच उजव्या बरगडीखाली अचानक जोराचं दुखलं, चक्कर येऊन घाम फुटला, ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा शौच काळी झाली, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपणाची फाईल आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन हॉस्पिटल गाठा.