सुकून आणि स्वयंपाकघराची खिडकी

शब-ए-बरात उलटली की मोहल्ल्यात रंगाऱ्यांना मागणी येते. रमजानचा चाँद दिसेपर्यंतच्या पंधरा दिवसांत माळे रिकामे होतात, रजया गच्चीवर उन्हात पडतात, डबे घासून निघतात, भिंतींवर एखादा नवा हात फिरतो. ही तयारी महिन्यासाठी असते. दुसरी लाट येते ईदच्या आठवड्यात. नवे पडदे, सोफ्याची कव्हरं, काचेचे ग्लास, प्लास्टिकची फुलं. ती पाहुण्यांसाठी. या दोन लाटांच्या मधे जो महिना जातो, त्यात आपलं घर खरोखर कसं आहे ते कळतं.

वर्षभर कुटुंबातला जो तो आपल्या वेळेला जेवतो. कोणी टीव्हीसमोर, कोणी दुकानातून आल्यावर उभ्या उभ्या. रमजानमध्ये मात्र मगरिबची अजान झाली की सगळ्यांनी एकाच मिनिटाला खजूर उचलायचा असतो. मग प्रश्न येतो, सगळ्यांनी बसायचं कुठे? हौसेनं घेतलेल्या डायनिंग टेबलाला खुर्च्या चार, घरात माणसं आठ. शेवटी टेबल भिंतीला सरकतं, टीपॉय बाहेर जातो आणि फरशीवर दस्तरख्वान पसरला जातो. एसआरएच्या इमारतीतल्या 300 चौरस फुटांच्या घरातही हे जमतं, कारण जमिनीवर खुर्च्यांचा हिशेब नसतो. नववा माणूस आला की आठजण थोडं थोडं सरकतात. मात्र त्या घरात तीन अधिक एक अधिक एकचा सोफासेट शिरला असेल तर सरकायला जागाच उरत नाही. लग्नात आलेला हा सोफा अनेक घरांत वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या आवरणासह उभा असतो. त्यावर बसलं की घाम येतो, म्हणून घरचे लोक खालीच बसतात.

प्रशस्त घर हे माणसाच्या सुखापैकी एक आहे, असं हदीसमध्ये आलं आहे. नेक जोडीदार, चांगला शेजारी आणि आरामाचं वाहन यांच्याबरोबरीनं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मोठं घर मोजलं. म्हणजे साधेपणाच्या नावाखाली माणसांना अंधाऱ्या खोलीत कोंबावं, असं धर्म सांगत नाही. भाषाही हेच सुचवते. उर्दूत राहत्या जागेला ‘मसकन’ म्हणतात आणि मनाच्या शांतीला ‘सुकून’. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे, सीन-काफ-नून. जुन्या मराठी कागदपत्रांत माणसाच्या नावापुढे ‘साकीन मौजे अमुक’ असं लिहिलेलं असे, तो ‘साकीन’ याच घरातला. कुरआनच्या सूरह नहलमध्येही घराविषयी याच धातूचा शब्द आला आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं खूश होतात. पण अरबी शब्दकोशात याच धातूखाली आणखी एक शब्द सापडतो, ‘मिस्कीन’. तोही लक्षात ठेवावा, विशेषतः फितऱ्याचे पैसे मोजताना.

सजावट मनावर काम करते, हे इंटिरियर डिझाइनच्या मासिकांनी शोधून काढलेलं नाही. हजरत आयेशा (रजि.) यांनी घराच्या एका बाजूला चित्रं असलेला रंगीत पडदा लावला होता. नमाजात ती चित्रं सारखी समोर येतात, म्हणून प्रेषितांनी तो काढायला सांगितला. अशाच एका पडद्याविषयीच्या दुसऱ्या हदीसमध्ये पुढची हकीकत आहे. आयेशांनी ते कापड फेकून दिलं नाही, कापून त्याच्या उशा केल्या आणि त्या घरात वापरल्या गेल्या. मला हा प्रसंग फार आवडतो. कापड तेच आणि रंगही तेच, फक्त डोळ्यांसमोरून निघून ते पाठीला टेकायला आलं. ज्या खोल्यांमधली ही गोष्ट आहे त्या मदिनेच्या मशिदीला लागून बांधलेल्या लहान लहान खोल्या होत्या, कच्च्या विटांच्या, वर खजुराच्या झावळ्या. कुरआनच्या 49व्या सूरहचं नाव ‘हुजुरात’, म्हणजे खोल्या, ते त्यांच्यावरूनच.

आता आपल्या घरातल्या सर्वांत महत्त्वाच्या खोलीकडे येऊ. घर सजवायचं म्हणजे आपल्याकडे दिवाणखाना सजवायचा. पीओपीचं छत, त्यात लपवलेले दिवे, शोकेस, शोकेसमध्ये कधीही न वापरलेला डिनर सेट. खर्चाचा मोठा वाटा तिथे जातो, कारण लोक तिथे बसतात. स्वयंपाकघर मागे, अनेक फ्लॅटमध्ये त्याची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडणारी. आणि रमजानमध्ये असरनंतरचे दोन तास घरातली रोजेदार बाई कुठे असते? त्या ओट्यापाशी. एका शेगडीवर भजी, दुसरीवर चणे, बाजूला समोसे भरून ठेवलेले. तोंडात पाण्याचा थेंब नाही, मीठ चाखता येत नाही, तेलाचा धूर तिथल्या तिथे फिरतोय आणि बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसलेले रोजेदार घड्याळ बघतायत. त्यांचाही रोजा असतो, नाही असं नाही. पण दोघांचे रोजे एकाच तापमानाचे नसतात.

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान असतं. त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकत सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2018 साली तो मेच्या मध्याला सुरू झाला होता. साडेचौदा तासांचा रोजा, वर मालेगाव-जळगावकडचं ऊन. यंदा फेब्रुवारी-मार्च असल्यानं दिवस सुसह्य आहेत आणि म्हणूनच कोणाला स्वयंपाकघराच्या हवेची आठवण होत नाही. पण घर एका ऋतूसाठी बांधलं जात नाही. त्यात राहणारी बाई एका आयुष्यात हे सगळे ऋतू त्याच ओट्यापाशी काढते. आमच्या आजीच्या पिढीच्या घरांना मधे आंगन असायचं, चूल बऱ्याचदा त्याच्या कडेला. धूर वर निघून जायचा, संध्याकाळी पाणी शिंपडलं की गारवा यायचा. आंगन आता कोणाला परवडणार? जमिनीचे भाव बघता ती हळहळही महागच. पण आंगनानं जे काम केलं त्यातलं निम्मं काम समोरासमोरच्या दोन खिडक्या करतात. बिल्डरला हे विचारायला हवं, आणि टाइल्सचा रंग विचारण्याआधी विचारायला हवं.

नमाजच्या जागेचंही असंच. पुरुष तरावीहला मशिदीत जातात. घरच्या बाईनं वीस रकअती कुठे पढायच्या? बेडरूममध्ये पलंग आणि कपाट यांच्यामध्ये दोन फूट पट्टी उरते, तिथे जानमाज घातली की सजद्यात डोकं कपाटाच्या दाराला लागतं. हनफी मतानुसार स्त्री शेवटच्या अशऱ्यात घरीच, नमाजसाठी ठरवलेल्या जागेत एतेकाफला बसू शकते. पण आधी ठरवलेली जागा हवी. मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे खिडकीजवळच्या कोपऱ्यात दोरीवर एक चादर टाकून दहा दिवसांसाठी ती जागा केली जाते. तिथे एक रेहाल, एक तसबीह, पाण्याची बाटली. पोरांना सांगितलेलं असतं की दादी आत आहे, आवाज कमी. ईदचा चाँद दिसला की चादर निघते आणि तो कोपरा पुन्हा इस्त्रीच्या टेबलाला जातो. एका दादीनं मात्र नंतर ते टेबल तिथे येऊ दिलं नाही. म्हणाली, “साठ साल में पहली बार घर में मेरी कोई जगह हुई है.”

सजावटीवर माझा राग नाही. पश्चिमेच्या भिंतीवरची आयतुल कुर्सीची फ्रेम, फुफीनं विणलेला क्रोशाचा रुमाल, खिडकीतला पुदिन्याचा डबा, यांनी घराला चेहरा येतो. हल्ली चाँद-ताऱ्यांच्या एलईडी माळाही आल्या आहेत. बुजुर्ग कुरकुरतात की आमच्या वेळी हे नव्हतं. नव्हतं हे खरं, पण सहरीला डोळे चोळत उठलेलं सात वर्षांचं पोर त्या उजेडात हसत बसतं, तर माळ राहू द्यावी.

ईदच्या बाजारात पडद्यांच्या दुकानांत एव्हाना उभं राहायला जागा नसेल. त्याच रांगेत चार दुकानं सोडून विजेच्या सामानाचं दुकान असतं आणि तिथे गर्दी नसते. स्वयंपाकघरासाठी एक्झॉस्ट फॅन घ्यायचा तर खिडकीच्या काचेचं माप घेऊन जावं. बसवणारा माणूस अर्ध्या तासात काम उरकतो. असरच्या आधी बोलावलं तर त्याच दिवशीच्या इफ्तारीला तो चालू होतो.