पेकन सोलणाऱ्यांची एमा

मुलांना कामगार नेत्यांची ओळख चित्रांतून करून द्यायची असेल, तर एमा टेनायुका या कामगार नेतीवरचं ‘दॅट्स नॉट फेअर! / नो एस हुस्तो!’ हे पुस्तक जरूर मिळवा. कार्मेन टाफोया आणि एमाची भाची शॅरिल टेनेयुका यांनी लिहिलेलं, २००८ सालचं. इंग्रजी आणि स्पॅनिश मजकूर सोबतच छापलाय. म्हणजे शाळेत इंग्रजी शिकणारी नात आणि स्पॅनिश बोलणारी आजी एकच पुस्तक मांडीवर घेऊन बसू शकतात. मला हीच त्याची सर्वांत मोठी ताकद वाटते.

एमा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची. तिथे हजारो मेक्सिकन-अमेरिकन बायका पेकन सोलायच्या (अक्रोडाच्याच कुळातलं फळ). कोंदट शेडमध्ये बारीक धूळ उडायची, क्षयाची लागण सर्रास. ३१ जानेवारी १९३८ ला संप पेटला, कारण पौंडामागे मिळणारे सहा-सात सेंट एका सेंटने कापले होते. सुमारे १२,००० कामगार बाहेर पडले आणि पुढे उभी होती २१ वर्षांची एमा!

‘पौंडामागे एक सेंट’ हा हिशेब दुसरीतल्या मुलालाही कळतो. अन्याय समजावायला याहून सोपं काय हवं?

आपल्याकडे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांवर असं मराठी-हिंदी चित्रपुस्तक व्हायलाच हवं. गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. चित्रकार मंडळी, कुणी हे मनावर घेणार असाल तर कॉमेंटमध्ये सांगा, संदर्भ गोळा करायला मी आहे.