उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते? कारण ओळखा



खुरपणीची पात धरून तासभर बसले आणि टोकाला पोचून उभे राहिले, की एकदम डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. क्षणभर शेजारणीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो. मग बरे वाटते आणि पुढची पात सुरू होते. "ऊन लागलं असेल" एवढ्यावर गोष्ट संपते.

हा विषय तसा डॉक्टरांचा. पण अंधारी येते ती शेतात, आणि तिची बरीच कारणेही शेतकामातच असतात. दर वेळी उन्हाला बोल लावला तर खरे कारण मागे राहते, आणि एखादे वेळी ते जिवावर बेतते. म्हणून ही माहिती.

असे का होते?

आपण उभे राहिलो की शरीरातले अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. निरोगी शरीर हे लगेच सावरते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय जलद चालते आणि डोक्याला रक्त पोचते. हे सावरणे कमी पडले की अंधारी येते.

विहिरीवरच्या पंपाचे पाहा. पाइपाचे तोंड उचलून वरच्या वाफ्यात धरले की धार बारीक होते. पाणी चढायला विहिरीत पाणी हवे, पाइप घट्ट हवा आणि पंपाला जोर हवा. शरीराचेही तसेच आहे.

नेहमीची कारणे

१) अंगातले पाणी कमी होणे. घाम, जुलाब, उलट्या, ताप यांनी पाणी जाते आणि घामाबरोबर मीठही जाते. आडोसा नाही म्हणून अनेक भगिनी कामावर पाणीच पीत नाहीत. उपासाच्या दिवशी नुसत्या चहावर कामाला आलेल्यांनाही हा त्रास होतो.

२) ऊन आणि ओणवे काम. उन्हात कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात व रक्त तिकडे वळते. भातलावणी, खुरपणी, भुईमूग काढणी अशा कामात बराच वेळ वाकून किंवा उकिडवे बसून एकदम उठले की अंधारी येते.

३) अंगात रक्त कमी असणे. दम लागतो, जीभ व नखे फिकट दिसतात, सदा थकवा वाटतो. पाळीत जास्त रक्त जाणे, गरोदरपण, सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले खाणे, अनवाणी हिंडल्याने होणारे आकडेकृमी ही यामागची कारणे. हिमोग्लोबिन पुरुषाचे १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ ग्रॅमपेक्षा कमी भरले तर रक्त कमी आहे असे समजतात. शौचास डांबरासारखी काळी होत असेल तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

४) चालू असलेली औषधे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना रक्तदाब उतरतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ते निजवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजतील. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर दोष कळतो.

५) जुना मधुमेह, हृदयाचा विकार, उतारवय. यात शरीराची सावरण्याची ताकदच कमी पडते.

कुशीवर वळतानाही घर गरगर फिरल्यासारखे वाटत असेल, तर दोष बहुधा कानाच्या आतल्या भागात असतो. त्याचा उपचार वेगळा आहे.

फवारणीच्या दिवशी चक्कर आली तर

आता सर्वांत महत्त्वाचे. फवारणी करताना किंवा नंतर चक्कर आली, तर ऊन लागले असे म्हणून झाडाखाली पडून राहू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. विष नाकातोंडातूनच जाते असे नाही, ते भिजलेल्या कपड्यांतून कातडीवाटेही अंगात शिरते.

चकरेबरोबर मळमळ, तोंडाला लाळ, दरदरून घाम, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे यांपैकी काहीही दिसले, तर काम थांबवा. कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्या, त्यावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. मुद्दाम उलटी करवू नका. डब्यावरचा लाल त्रिकोण अतिजहाल विषाची खूण आहे आणि पिवळा त्याखालोखाल. पण निळ्या-हिरव्या त्रिकोणाचे औषधही विषच असते.

अंधारी आली तर काय करावे?

चालत राहू नका. तिथेच खाली बसा किंवा आडवे व्हा, पाय थोडे उंच ठेवा. विहिरीचा काठ, मळणीयंत्र, ट्रॅक्टर यांपासून दूर राहा. माणूस शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी द्या. घाम किंवा जुलाब फार झाले असतील, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्या. चमचा चहाचा घ्या. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

रोजची काळजी

उठताना घाई करू नका. आधी पायांची बोटे आणि पोटऱ्या हलवा, गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठा आणि क्षणभर थांबून मग पाऊल टाका. सकाळी खाटेवरून उठतानाही थोडे बसून घ्या. न्याहारी करूनच शेतावर जा, तहानेची वाट न पाहता पाणी प्या, अवजड काम सकाळ-संध्याकाळ करा. जेवणात हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये आणि लिंबू असू द्या. जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

वेळ दवडू नका

माणूस बेशुद्ध पडला, छातीत दुखले, धडधड वाढली, बोलणे अडखळले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर १०८ वर फोन करा. अंग तापून माणूस बरळू लागला तर तो उष्माघात समजा. फोन करून गाडी येईपर्यंत त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. नुसती अंधारी पण वारंवार येत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त व रक्तदाब तपासून घ्या.

पीक पिवळे पडले की आपण मूळ उकरून पाहतो, नुसते पान पाहून औषध मारत नाही. आपल्या शरीराच्या बाबतीतही तेच करा.