माणसागणिक आराखडा

ऑस्ट्रेलियात करोनाचा पहिला रुग्ण सापडला २५ जानेवारी २०२० रोजी, मेलबर्नमध्ये. अपंगांना रोजच्या जगण्यात मदत मिळवून देणारी तिथली राष्ट्रीय विमा योजना, एनडीआयएस, तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास लोकांपर्यंत पोचली होती. पैसा सरकारचा आणि प्रत्यक्ष काम हजारो लहानमोठ्या सेवासंस्थांचं. कुणाला अंघोळ घालायची, कुणाला भरवायचं, कुणाला व्हीलचेअरवरून पलंगावर घ्यायचं. दीड मीटरचं अंतर राखून यातलं एकही काम होत नाही.

तरीही सुरुवातीच्या महत्त्वाच्या आठवड्यांत केंद्र सरकारच्या एकाही खात्याने अपंगांशी किंवा त्यांच्या संघटनांशी म्हणावी तशी चर्चा केली नाही. त्यांच्यासाठीचा वेगळा आराखडा आला एप्रिलच्या मध्यावर. ऑगस्टमध्ये अपंगांवरील अत्याचार आणि उपेक्षेची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने साक्षी घेतल्या आणि ३० नोव्हेंबरला जाहीर झालेल्या अहवालात ही उपेक्षा स्पष्ट नोंदवली, सोबत २२ शिफारशी केल्या. माझ्या मते त्या अहवालाचं मोल शिफारशींहून साक्षींमध्ये अधिक आहे. ज्यांच्यासाठी तयारी करायची, त्यांना त्यात पहिल्यांदा विचारलं गेलं.

दरम्यान संस्थांना आपापली वाट शोधावी लागली. मास्क आणि हातमोजे मिळवणं ही पहिली धडपड. पण खरी परीक्षा गटनिवासांत होती. चार-पाच जण एका छताखाली, स्वयंपाकघर एकच, न्हाणीघर बहुधा सामाईक. एकाला लागण झाली तर त्याला वेगळं ठेवायचं कुठे? खोलीत एकटं का बसायचं हे ज्याला उमगत नाही, त्याला कसं सांगायचं? ओठांच्या हालचालींवरून बोलणं समजणाऱ्याच्या समोर मदतनीस मास्क लावून उभा राहिला, तर संवादच तुटतो. नाकात स्वॅबची काडी घालताच जो बिथरतो, त्याची तपासणी कुणी आणि कशी करायची? अशा घरासाठी छापील आराखडा पुरत नाही. प्रत्येकाचा वेगळा कागद लागतो: औषधं कोणती, घास किती बारीक हवा, वेदना कशी दाखवतो, कुणाच्या आवाजाने शांत होतो. इस्पितळात आयत्या वेळी हेच पान उपयोगी पडतं, कारण ओळखीचा मदतनीस सोबत आत जाऊ शकेलच असं नाही.

मदतनीसांचा प्रश्न त्याहून अवघड. कमी तासांची, हंगामी नोकरी असल्याने त्यांतले कित्येक जण आठवड्यात दोन-तीन घरांत काम करत. जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टोरियात दुसरी लाट उसळली, तेव्हा या फिरतीचा धोका उघड झाला. त्यांनी एकाच ठिकाणी थांबावं म्हणून पुढे आर्थिक साहाय्यही आलं. ते आधीच द्यायला हवं होतं. रजा घेतली तर ज्याचा पगार बुडतो, त्याने अंगात कणकण असतानाही कामावर येऊ नये, ही अपेक्षा फुकटात धरता येत नाही.

लशीच्या वेळी तर जखम पुन्हा उघडी पडली. फेब्रुवारी २०२१मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा गटनिवासांतले अपंग पहिल्याच टप्प्यात, वृद्धाश्रमांतल्या रहिवाशांच्या बरोबरीने होते. प्रत्यक्षात वृद्धाश्रमांचं काम आधी हाती घेतलं गेलं आणि हे लोक मागे राहिले. हा क्रम बदलल्याचं ना त्यांना वेळेवर कळलं, ना संस्थांना. दारात लसपथक कधी येणार हेच ठाऊक नसेल, तर घाबरणाऱ्या माणसाच्या मनाची तयारी कधी करायची, संमती कुणाकडून आणि केव्हा घ्यायची? कमिशनने ही अंमलबजावणी गंभीर स्वरूपाची सदोष ठरवली, आणि त्यात मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही.

नोव्हेंबर २०२१मध्ये एनडीआयएसच्या सेवामानकांत आणीबाणी आणि आपत्तीच्या नियोजनाची भर पडली. नोंदणीकृत संस्थेने आराखडा सेवा घेणाऱ्यांशी बोलून करायचा, तो तपासून पाहायचा, मदतनीसांना शिकवायचा. नेहमीचा मदतनीस आजारी पडला तर त्याच्या जागी कोण येणार, याचं उत्तरही आता आधीच तयार हवं. त्या बदली माणसाने निदान एकदा तरी घरी येऊन ओळख करून घेतलेली असावी, एवढी मागणी मी त्यात जोडीन.