मनगटावरचे घड्याळ गप्प का बसते?

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कची चौपाटी आहे. नाव चौपाटी असले, तरी समोर आहे ती वसईची खाडी. जवळच रेल्वेचा पूल आहे, पलीकडे नायगाव. पहाटे येथे फिरायला येणारांची गर्दी असते. पूर्वी ही मंडळी एकमेकांना विचारीत, "काय, किती फेऱ्या झाल्या?" आता विचारतात, "किती पावलं झाली?" आणि उत्तर देण्यापूर्वी मनगट वर करून पाहतात.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी या मंडळीत आहेत. मुलीने त्यांना हौसेने स्मार्टवॉच घेऊन दिले. एके दिवशी सकाळी गुरुजींनी मनगट वर केले, तो नाडीच्या ठोक्यांच्या जागी आकडाच नाही! नुसत्या दोन आडव्या रेघा. गुरुजी बाकावर बसले आणि घड्याळ पुसू लागले. त्या सकाळी पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी आपण एवढेच पाहू या, की हे घड्याळ मोजते तरी कसे, आणि मधेच गप्प का बसते. खेड्यापाड्यांतही आता ही घड्याळे पोहोचली आहेत. मुलगा शहरातून आईवडिलांना पाठवतो. पण ते बिघडल्यासारखे वाटले, तर विचारायचे कोणाला? पुष्कळदा गावातल्या शिक्षकांनाच.

या घड्याळाच्या पोटात दोन मुख्य मापारी बसलेले आहेत. पहिला हालचाल मोजतो. आपण चालतो तेव्हा हात मागे-पुढे झुलतो. त्या झुलण्यात एक ताल असतो. तो ताल ओळखून घड्याळ पावलांचा हिशेब करते. म्हणजे ते पाय पाहत नाही. पायांचा अंदाज हातावरून बांधते.

दुसरा मापारी उजेडाचा. घड्याळ काढून पालथे केले, की बहुधा हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त लाल का दिसते? ते तांबडा उजेड परत पाठवते आणि हिरवा शोषून घेते म्हणून. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त थोडे अधिक भरते. तेवढ्या वेळापुरता हिरवा उजेड अधिक शोषला जातो आणि परत कमी येतो. या कमी-जास्त होण्यावरून घड्याळ ठोके मोजते. आपल्या वैद्यांनी नाडी बोटांनी पाहिली, हे यंत्र ती उजेडाने पाहते, इतकेच.

आता आकडा हरवला म्हणजे काय झाले? मला यासाठी टपालाचा दाखला सोयीचा वाटतो. पत्र मिळाले नाही, तर तीन गोष्टी संभवतात. पत्र लिहिलेच नसेल, लिहून पेटीत टाकले नसेल, किंवा पेटीत पडूनही घरपोच झाले नसेल. येथेही तसेच आहे. आकडा मनगटावरून घड्याळात जातो, घड्याळातून फोनमध्ये जातो, आणि मग फोनमधल्या ॲपमध्ये आपल्याला दिसतो. तेव्हा पहिले काम हे, की फोन बाजूला ठेवून घड्याळाचा पडदा पाहावा. आकडा घड्याळावर आहे पण फोनवर नाही, असे असेल तर तक्रार घड्याळ आणि फोन यांच्यामधली आहे. घड्याळावरही नसेल, तर तक्रार मनगट आणि घड्याळ यांच्यामधली. एवढा निवाडा केला, की निम्मे काम झाले. पण लोक हा निवाडा न करताच सगळी बटणे दाबीत सुटतात.

आधी मनगटाकडची तक्रार घेऊ. तिचे पहिले कारण म्हणजे पट्टा सैल असणे. बांगडीसारखे घड्याळ खाली-वर सरकत असेल, तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि नाडीची बारीक खूण त्यात बुडून जाते. मनगटाच्या हाडावर घड्याळ बांधू नये. हाडापासून एक बोटभर वर, कोपराच्या बाजूला बांधावे. हात हलला तरी घड्याळ सरकू नये, पण कातडीवर वळही उठू नये, इतपत घट्ट. फिरताना, व्यायाम करताना एक घर आवळावे आणि घरी आल्यावर पुन्हा सैल करावे.

दुसरे कारण मळ. भाईंदर म्हणजे मिठागरांचा मुलूख. समुद्राची हवा दमट, घाम सारखा येतो. तो वाळला की काचेवर मिठाचा पातळ थर बसतो. शेतात काम करणाऱ्याच्या घड्याळावर घामात धूळ कालवून बसते. डोक्याला तेल लावून तोच हात घड्याळाला लागला, तर तेलाचा थर बसतो. ओल्या मऊ फडक्याने काच आणि मनगट दोन्ही पुसावीत, नीट कोरडी करावीत. घड्याळ फडक्याने पुसावे हे ध्यानात येते. मनगटही पुसायचे असते, हे येत नाही.

तिसरे कारण कातडीचे. मनगटावर गर्द गोंदण असेल, तर त्याची शाई उजेड अडवते. अशा वेळी दुसऱ्या हातावर बांधून पाहावे. थंडीत हात गारठले की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि खूण क्षीण होते. निफाडकडच्या श्रोत्यांना डिसेंबरात पहाटे आकडा दिसला नाही, तर आधी हात चोळून ऊब आणावी, मग पाहावे.

पावलांची गोष्ट थोडी निराळी आहे. उत्तनची कोळीण माशांची पाटी डोक्यावर घेऊन, एका हाताने ती धरून चालली आहे असे समजा. तिच्या पाटी धरलेल्या हाताला घड्याळ असेल, तर तो हात झुलत नाही. ती कोसभर चालली, तरी घड्याळाच्या वहीत फार थोडी पावले पडतील. हातगाडी ढकलणारा, सायकल हाताने धरून चालणारा, तान्हे मूल कडेवर घेतलेली आई, या सगळ्यांची हीच तऱ्हा. भाईंदरहून लोकलमध्ये दांडी धरून चर्चगेटपर्यंत उभा राहिलेला माणूस पायांनी दमतो, पण घड्याळाच्या हिशेबी तो जागचा हललेलाच नसतो. उलट कधी कणीक मळताना किंवा खड्ड्यांतून मोटारसायकल हाकताना न चाललेली पावले जमा होतात. हा बिघाड नव्हे, यंत्राच्या मोजण्याची ही मर्यादा आहे. फार कष्टाच्या कामाची नोंद कमी दिसली, म्हणून काम कमी झाले असे कोणी समजू नये.

रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, हा आकडाही एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. १९६५ साली जपानमध्ये यामासा या कंपनीने पावले मोजायचे एक यंत्र विकायला काढले. त्याचे नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे माप. चालणे चांगलेच आहे. पण नऊ हजार आठशेला थांबलो म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

काही आकडे दिसायला वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे. रक्तातल्या प्राणवायूचे माप घेताना हात अगदी स्थिर हवा. २०२० आणि २०२१ च्या कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला होता. तो तांबड्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडावर चालतो. एका बाजूने उजेड सोडतो आणि बोटापलीकडे झिरपलेला उजेड मोजतो. मनगटातून उजेड असा आरपार जात नाही. घड्याळाला परत आलेल्या उजेडावरच भागवावे लागते, म्हणून हे माप अधिक अवघड, आणि हात हलला की रकाना रिकामा. झोपेची नोंदही पुष्कळ घड्याळे सलग काही तास झोप झाल्यावरच करतात. दुपारची डुलकी त्यांच्या खिजगणतीत नसते!

आता दुसरा भाग. आकडा घड्याळावर आहे, पण फोनवर नाही. येथे पहिला प्रश्न: फोनमधले ब्लूटूथ चालू आहे ना? घड्याळ आणि फोन यांच्यात तोच दूत. त्याची धाव साधारण एका घराएवढी. फोन घरी आणि आपण शेतावर, तर निरोप पोहोचणार कसा? फोनजवळ आल्यावर ॲप उघडून थोडा वेळ थांबावे. घड्याळ साठवलेली नोंद हळूहळू पोचती करते. मात्र त्याच्या पोटात जागा थोडी असते. पुष्कळ घड्याळे काही दिवसांचीच नोंद राखतात. म्हणून आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी दोघांची भेट घालून द्यावी.

दुसरा प्रश्न: फोनने ॲपला काम करू दिले आहे काय? बॅटरी वाचावी म्हणून फोन मागे चाललेली कामे आपण होऊन बंद पाडतो. त्यात हे ॲपही निजते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून मोकळे करावे. तेथेच परवानग्याही पाहाव्यात. आपण घाईत कधी 'नको' म्हणतो, आणि मग महिनाभर आकडे का येत नाहीत म्हणून घड्याळाला बोल लावतो. ॲप नवे करून घेतल्यावर या परवानग्या एकदा पुन्हा तपासाव्यात. बॅटरी वाचवण्याची सोय घड्याळातही असते. ती चालू असेल, तर नाडी सतत मोजणे थांबते.

तिसरा प्रश्न घरगुती आहे. घड्याळ दुसऱ्याच कोणाच्या फोनशी तर जोडलेले नाही ना? पहिल्या दिवशी नातवाने आपल्या फोनवर जोडून दाखवले आणि तो मुंबईला निघून गेला, असे पुष्कळ घरी होते. बहुतेक घड्याळे एका वेळी एकाच फोनशी संसार करतात. चौथी गोष्ट तारीख-वेळेची. बॅटरी अगदी संपून गेली होती असे असेल, तर घड्याळातली वेळ बरोबर आहे ना ते पाहावे. नाहीतर आजची पावले भलत्याच दिवशी जमा होतात.

एवढे करून उपयोग झाला नाही, तर घड्याळ आणि फोन दोन्ही बंद करून पुन्हा चालू करावेत. मात्र सगळे पुसून घड्याळ मूळपदावर आणण्याचा उपाय अगदी शेवटी. त्यात फोनपर्यंत न पोहोचलेली नोंद कायमची जाते. पत्रे पोचली नाहीत म्हणून टपालपेटीच जाळण्यासारखे ते होईल.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेत कोणाकडे असे घड्याळ असेल, तर विज्ञानाच्या तासाला ते जरूर वापरा. एका मुलाला हात झुलवीत शंभर पावले चालायला सांगा. मग घड्याळाचा हात डोक्यावरच्या ओझ्याला धरून शंभर पावले. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. दुसरा प्रयोग नाडीचा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून तीस सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. मोठ्या माणसाची स्वस्थ बसलेली नाडी मिनिटाला सामान्यतः साठ ते शंभर असते; मुलांची थोडी अधिक. मग वीस बैठका काढून पुन्हा मोजावी, आणि घड्याळाशी ताडून पाहावी. तिसरा प्रयोग गमतीचा आहे. घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून पाहा. काही घड्याळे त्या टॉवेलचीही नाडी सांगतात! हे पाहिले म्हणजे मुलांना कळेल, की खूण नीट लागत नसताना रकाना रिकामा ठेवणारे घड्याळ त्या मानाने अधिक प्रामाणिक. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, आजारही नव्हे. "मला नीट दिसले नाही," एवढेच ते सांगत असते.

आणि आता आमच्या गुरुजींची गोष्ट पुरी करतो. त्या सकाळी गुरुजींच्या छातीवर दडपण आल्यासारखे वाटत होते. अंगाला घाम सुटला होता. म्हणूनच त्यांनी मनगट वर केले होते. दोन रेघा पाहून ते अर्धा तास घड्याळाच्याच मागे लागले. पुसले, आवळले, बंद करून चालू केले. शेवटी आकडा उमटला, चौऱ्याऐंशी. "म्हणजे ठीक आहे," असे म्हणून ते चालत घरी गेले. दुपारी त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. हृदयविकाराचा झटका होता. दैव बलवत्तर, म्हणून बचावले.

झटक्यातही नाडीचा आकडा साधारण दिसू शकतो. हृदयाचा झटका ओळखणे हे या घड्याळांचे कामच नव्हे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे, थंड घाम, यांपैकी काही जाणवले, तर घड्याळ काय म्हणते ते पाहत बसू नका. आकडा असो, नसो, हाक मारा, १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

गुरुजी आता पुन्हा खाडीवर फिरायला येतात. घड्याळ त्यांनी टाकून दिलेले नाही, पट्टा तेवढा नीट बांधतात. परवा मला म्हणाले, "अरे, जन्मभर मुलांना सांगत आलो, आधी प्रश्न नीट वाचा. आणि स्वतःवर वेळ आली, तेव्हा छाती सोडून घड्याळ वाचत बसलो."