बंदूक ठाण्यात, परवाना घरात

निवडणूक जाहीर झाली की हिंगोली जिल्ह्यातल्या परवानाधारकांना पोलीस ठाण्याकडून निरोप जातो: हत्यार आणून जमा करा. मग सराफ, पेट्रोल पंपाचा मालक, माजी सैनिक, रानडुकरांनी हैराण झालेला शेतकरी, सगळे एकाच रांगेत उभे राहतात. आणि एकाच सुरात बोलतातही. बंदुकीवर बंदी आली, आमचा हक्क गेला, गुंडांचे कट्टे मोकळे आणि आमची कागदपत्रं असलेली बंदूक मात्र आत. या तक्रारीत काही खरं आहे, काही अर्धवट खरं आहे आणि काही साफ चुकीचं आहे. पंचाईत अशी की जिथे परवानाधारकाची बाजू खरोखर भक्कम आहे, नेमकं ते त्याला ठाऊक नसतं.

पहिली गोष्ट म्हणजे ही बंदी नव्हे. शस्त्र जमा करणं, परवाना निलंबित होणं आणि परवाना रद्द होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडणुकीत हत्यार काही आठवडे सरकारी ताब्यात जातं, परवाना मात्र मालकाच्या नावावर जसाच्या तसा राहतो. निलंबन आणि रद्द करणं यांसाठी शस्त्र अधिनियम 1959 मध्ये कलम 17 आहे. त्याखालचा आदेश लेखी लागतो आणि त्याची कारणं नोंदवावी लागतात. कारणं सांगणं लोकहिताचं नसेल तेवढ्यापुरतीच ती मालकापासून राखून ठेवता येतात. अशा आदेशावर कलम 18 नुसार अपीलही करता येतं.

रद्द होणं म्हणजे काय ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यातले शस्त्र परवाने एकाएकी चर्चेत आले. एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं समोर आलं. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रं आणि हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफिती बाहेर आल्या. पोलिसांच्या प्रस्तावावरून जिल्हाधिकाऱ्यांनी पहिल्याच टप्प्यात शंभर परवाने रद्द केले. त्यांत गुन्हे दाखल असलेले लोक होते. निवडणुकीत शस्त्र जमा करणाऱ्या हिंगोलीच्या व्यापाऱ्याला या शंभरांच्या पंगतीत बसवणं अन्यायाचं आहे. गंमत म्हणजे ‘आमची बंदूक काढून घेतली’ असं सांगत तो स्वतःच तिथे जाऊन बसतो.

आता सगळ्यांत घट्ट रुजलेला समज. आचारसंहिता लागली की जिल्ह्यातल्या प्रत्येक परवानाधारकाने शस्त्र जमा केलंच पाहिजे, असं मालक मानतात. ठाण्यातले कर्मचारीही अनेकदा तसंच सांगतात. निवडणूक आयोगाच्या सूचना असं म्हणत नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर 2009 साली आयोगाने याबाबत सविस्तर पद्धत घालून दिली. प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती असते. हिंगोलीसारख्या, पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात तिच्यावर जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, आणि पोलीस अधीक्षक असतात. या समितीने परवानाधारकांची प्रकरणं तपासायची आणि ज्यांचं शस्त्र काढून घेणं कायदा व सुव्यवस्थेसाठी आवश्यक वाटतं, त्यांनाच ते जमा करायला सांगायचं. विशेष लक्ष कोणावर ठेवायचं, हेही लिहिलेलं आहे: जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत, सामील असलेले. म्हणजे नियमाचा भर निवडीवर आहे. सरसकट आदेश ही प्रशासनाने सोयीसाठी लावून घेतलेली सवय आहे. शेकडो फायली एकेक करून वाचण्यापेक्षा सगळ्यांना एकच पत्र धाडणं सोपं जातं, आणि उद्या काही घडलंच तर ‘आम्ही तर सगळी शस्त्रं जमा केली होती’ असं म्हणायला अधिकारी मोकळा.

उत्तर प्रदेशातल्या परवानाधारकांनी ही सवय न्यायालयात नेली. मार्च 2024 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ खंडपीठाने स्पष्ट केलं की केवळ निवडणूक आहे म्हणून सर्वांना शस्त्र जमा करायला लावता येणार नाही. ज्याचं शस्त्र घ्यायचं, त्याच्याबाबत छाननी समितीने कारण नोंदवलं पाहिजे. तो निकाल थेट महाराष्ट्रावर बंधनकारक नाही. पण मूळ सूचना देशभर एकच आहेत आणि त्यांचा उगम तर मुंबईच्याच उच्च न्यायालयातला.

याच सूचनांत वेळेचा हिशेबही आहे, आणि तो फारसं कुणी करत नाही. छाननीनंतर ज्याला सांगितलं जाईल त्याने उमेदवारी मागे घेण्याच्या शेवटच्या तारखेपासून सात दिवसांत शस्त्र जमा करायचं. निकालानंतर आठवडा उलटला की ते परत मिळायला हवं. हिंगोली लोकसभा मतदारसंघात 2024 साली अर्ज माघारीची मुदत 8 एप्रिलला संपली, मतदान 26 एप्रिलला झालं, पण मतमोजणी देशभर 4 जूनला असल्याने ताबा जूनच्या मध्यापर्यंत लांबला. त्याच वर्षीच्या विधानसभेला हिंगोली, कळमनुरी आणि वसमत या तिन्ही मतदारसंघांत माघारीची मुदत 4 नोव्हेंबर आणि निकाल 23 नोव्हेंबर, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांचा प्रश्न. घोषणेच्या दिवसापासूनच हत्यार मागितलं, तर लोकसभेला हाच काळ जवळजवळ तीन महिन्यांवर जातो.

हिंगोलीत हे तीन महिने नेमके कुठले असतात? हळदीचे. हिंगोली आणि वसमतचे बाजार हळदीने पिवळे होतात ते उन्हाळ्यात, आणि आडते-व्यापाऱ्यांकडे रोकड फिरते तीही तेव्हाच. विधानसभेची वेळ आली तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा सोयाबीनची काढणी चालू असते, तूर उभी असते आणि रानडुकरं, रोही रात्री शेतात उतरतात. हळदीच्या व्यापाऱ्याची किंवा शेतकऱ्याची कुरकुर नुसत्या ऐटीतून आलेली असते, असं म्हणता येत नाही. शस्त्र ज्या कारणासाठी दिलं, त्या कारणाच्या हंगामातच ते कुलपात जातं.

इथे कायद्यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. सगळ्या बंदुका कायद्याच्या नजरेत सारख्या नाहीत. कलम 13 मध्ये दोन वाटा आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर अर्जदार अपात्र नसल्यास परवाना द्यावा, असा कायद्याचा कल आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवं असेल तर मात्र अर्जदाराला ‘योग्य कारण’ आहे, याची अधिकाऱ्याला खात्री पटावी लागते. आखूड हत्यार खिशात मावतं, गर्दीत लपतं, त्यामुळे हा फरक समजण्यासारखा आहे. निवडणुकीचा सरसकट आदेश नेमका हाच फरक पुसून टाकतो. मतदान केंद्राबाहेर दहशत बसवायला कोणी खांद्यावर ठासणीची बंदूक टाकून, दारू ठासत उभं राहणार नाही. पण तीही रिव्हॉल्व्हरच्या शेजारी ठाण्याच्या कपाटात जाते.

काही जणांना मुळातूनच सूट आहे. राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या आणि स्पर्धांत उतरणाऱ्या नेमबाजांना आयोगाने वगळलेलं आहे. दीर्घ रूढीने शस्त्र बाळगण्याचा हक्क असलेल्या कर्नाटकातल्या कोडव्यांसारख्या समाजांनाही. बँकांच्या सुरक्षारक्षकांनाही बहुतेक आदेशांत बाजूला ठेवलं जातं.

‘शस्त्र बाळगणं हा आमचा घटनादत्त हक्क आहे’ हे वाक्य मात्र कितीही जोरात म्हटलं तरी खरं ठरत नाही. ते येतं अमेरिकेच्या बातम्यांतून. तिथे इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन ग्रोव्ह या छोट्या गावाने 1981 साली हँडगनवर स्थानिक बंदी घातली, तेव्हा चिडलेल्या जॉर्जियातल्या केनेसॉ गावाने पुढच्याच वर्षी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात बंदूक ठेवावी असा उलटा ठराव केला. पुढे वॉशिंग्टन शहराची 1976 पासूनची हँडगनबंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये रद्द केली, कारण त्यांच्या राज्यघटनेत शस्त्राचा हक्क लिहिलेला आहे. आपल्याकडे तो लिहायचा नाही, असं ठरवून ठेवलेलं आहे. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. इंग्रजांच्या 1878 च्या शस्त्र कायद्याचा तो राग होता. त्याच आधारावर ह. वि. कामत यांनी डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य, म्हणजे हिंगोलीच्या उशाशी असलेल्या मुलखाचे. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही आणि सभेने ती फेटाळली. त्यामुळे भारतात बंदूक मिळते ती परवान्याने, आणि परवान्यासोबत अटी येतात. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात हाच फरक पुन्हा बोलून दाखवला.

याचा अर्थ परवानाधारकाचं कोणी ऐकतच नाही असं नाही. 2019 साली केंद्राने एका परवानाधारकाकडची शस्त्रं तीनवरून थेट एकवर आणण्याचं विधेयक आणलं होतं. वडिलोपार्जित शस्त्रांचं काय, असा आक्षेप आला आणि मर्यादा दोनवर थांबली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली आणि लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत बेदरकारपणे गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हवेत दोन बार काढले तर काय झालं, या जुन्या समजाला तिथे पूर्णविराम मिळाला. बीडमधल्या चित्रफिती त्यानंतरच्या, हा भाग वेगळा.

‘गुन्हे करतात ते कट्टेवाले, परवानेवाले नाहीत’ हा युक्तिवाद आकड्यांच्या बाबतीत बराचसा बरोबर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं पकडलेल्या शस्त्रांत बहुसंख्य विनापरवाना असतात. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेलं मध्य प्रदेशातलं उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी महाराष्ट्राच्या पोलिसांना चांगलंच परिचित आहे. पण ‘बराचसा’ म्हणजे पूर्ण नव्हे. 2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, गोळीबार झाला. तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. त्यानंतर आठवडाभरात दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात हत्या झाली, तीही मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या पिस्तुलाने. दोन्ही ठिकाणी राजकीय वैर होतं किंवा महत्त्वाकांक्षा, आणि लोकसभेची निवडणूक दोन-अडीच महिन्यांवर होती. छाननी समिती कोणासाठी असते, याची याहून वेगळी उदाहरणं शोधायची गरज नाही. तिने अशी नावं वेचून काढावीत, हीच अपेक्षा. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं की धोक्याचं नावही त्याच ढिगात दिसेनासं होतं.

आणखी एका आदेशाची यात हमखास सरमिसळ होते. सणावाराच्या किंवा आंदोलनाच्या तोंडावर हिंगोलीच्या वर्तमानपत्रांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचा मनाई आदेश छापून येतो. त्यात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या अशी लांबलचक यादी असते आणि ते वाचून परवानाधारक धास्तावतो. हा आदेश सार्वजनिक जागी हत्यार घेऊन फिरण्याबद्दल असतो. घरातल्या कपाटातली बंदूक जमा करा, असं तो सांगत नाही. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय तो पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून तर दर पंधरवड्याला नवा निघतो. म्हातारपणामुळे काठी लागणाऱ्याला त्यातून सूट असते. शिखांच्या कृपाणाची बाब तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्येच आहे. नांदेडच्या शेजारी असलेल्या आणि संत नामदेवांच्या नर्सीत गुरुद्वारा असलेल्या या जिल्ह्यात ती माहीत असलेली बरी.

मग ठाण्याचा निरोप आलाच तर? तोंडी निरोपावर वाद घालण्यापेक्षा लेखी आदेशाची प्रत मागावी आणि छाननी समितीने आपल्या नावापुढे काय नोंदवलं आहे, ते विचारावं. पीकसंरक्षण, रोकड, पूर्वीचा हल्ला, जे खरं कारण असेल ते पुराव्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना अर्जात लिहून सूट मागता येते. आदेश कायम राहिला तर मात्र शस्त्र मुदतीत जमा करावंच लागतं. न केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा होतो आणि तीच नोंद पुढच्या नूतनीकरणात आडवी येते. जमा करताना पोच पावतीवर शस्त्राचा प्रकार, क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यावी, शस्त्राला तेल लावून द्यावं, कारण ठाण्यात ते कोणी पुसत नाही. आणि निकालानंतर आठवड्याने पावती घेऊन स्वतः जावं. पाच वर्षांची परवान्याची मुदत त्याच काळात संपत असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज आधीच देऊन ठेवावा. बंदूक ठाण्यात होती म्हणून मुदत वाढत नाही.